ओव्हनशिवाय व्हीगन गोड: कुठलं सामान घ्यावं, कुठलं टाळावं

भाजलेला केक उभा राहतो तो अंडं, मैदा आणि उष्णता यांच्या जोरावर. न भाजलेल्या व्हीगन, म्हणजे दूध, अंडं, मध असं प्राण्यांकडून आलेलं काही नसलेल्या, पदार्थात यातलं काहीच नसतं. त्याला बांधून ठेवायला तीनच गोष्टी हाताशी असतात: खजुरासारखा चिकटपणा, थंडीत गोठणारी चरबी आणि आगर-आगरसारखा जेल. कृती दहा ओळींची असते, पण यातलं काय निवडलं यावर सगळं ठरतं. म्हणून इथे पारख सामानाची आहे, आणि ते वाटणाऱ्या यंत्राची.

कसोटी अवघड नाही, पण तिच्यात बरंच सामान मागे पडतं. पदार्थ डब्यात घालून मित्रांकडे न्यायचा, टेबलावर तासभर ठेवायचा आणि हाताने उचलून खायचा. फ्रीजमधून काढल्यावर सुंदर दिसणारं आणि वीस मिनिटांत ओघळणारं घरच्या घरी एकट्याने खायला ठीक आहे, दहा जणांत वाटायला नाही.

पहिला नंबर नि:संशय खजुराचा. तो गोडी देतो, ओलावा देतो आणि बांधतोही. मेजूल जातीचा खजूर मोठा, गरदार आणि मऊ असतो, त्याच्या वजनात साधारण पाचवा हिस्सा पाणी असतं, त्यामुळे तो भिजवावा लागत नाही. डेगलेट नूर लहान, कोरडा आणि घट्ट असतो. चव छान, पण तो १० मिनिटं गरम पाण्यात ठेवून, निथळून, कापडाने टिपूनच वापरावा. इथे घाई नडते. पाणी न टिपता टाकलेला खजूर मिश्रण इतकं सैल करतो की फ्रीजमध्ये रात्रभर ठेवूनही ते हाताला चिकटत राहतं. केकसाठी म्हणून बारीक चिरून विकला जाणारा खजूर मात्र घेऊ नये. तुकडे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्याला बहुतेक वेळा तांदळाचं किंवा ओट्सचं पीठ लावलेलं असतं, आणि आपल्याला तर नेमका तो चिकटपणाच हवा असतो. ‘बिनबियांचा’ असं पाकिटावर लिहिलं असलं तरी प्रत्येक खजूर बोटाने उघडून पाहावा. बीचा एक तुकडा पात्याची धार घालवतो, आणि कुणाच्या दाताखाली आला तर त्याहून वाईट.

खजुराच्या गोळ्यांचं प्रमाण वजनानेच घ्यावं, कारण दाबून भरलेल्या आणि सैल भरलेल्या एका कपात सहज ५० ग्रॅमचा फरक पडतो. बिया काढलेला खजूर २०० ग्रॅम, बदाम किंवा अक्रोड १५० ग्रॅम, कोको पावडर २५ ग्रॅम, मीठ पाव लहान चमचा. एवढ्यात २० ग्रॅमचे १८ गोळे होतात. आधी फक्त सुकामेवा थांबून थांबून फिरवावा आणि जाडसर असतानाच बाहेर काढावा. मग खजूर एकटा फिरवावा, तो गोळा होऊन भांड्यात फिरू लागला की सुकामेवा, कोको आणि मीठ परत घालून दहा-पंधरा सेकंद पुरे. हा क्रम मुद्दाम सांगावा लागतो, कारण बहुतेक जण सगळं एकदम टाकतात. खजूर बारीक होईपर्यंत बदामाचं तेल सुटायला लागतं आणि गोळे बाहेरून तेलकट, आतून कोरडे होतात. एकदा तेल सुटलं की ते परत आत जात नाही. मिश्रण मुठीत दाबून पाहावं. भुगा पडत असेल तर एक लहान चमचा पाणी, पुन्हा दाबून बघावं, लागलंच तर अजून एक. फार चिकटत असेल तर कोको किंवा ओट्सची पूड एक मोठा चमचा. मीठ वगळू नये. त्याच्याशिवाय खजुराची गोडी एकसुरी लागते आणि कोको दबून जातो.

हे गोळे फ्रीजबाहेर तासभर काय, दिवसभरही आकार सोडत नाहीत. फ्रीजमध्ये दोन आठवडे, फ्रीझरमध्ये तीन महिने चांगले राहतात. पहिल्यांदाच करणाऱ्याने सुरुवात इथूनच करावी.

नट बटरमध्ये, म्हणजे शेंगदाणे किंवा सुकामेवा वाटून केलेल्या लोण्यासारख्या लगद्यात, दोन तट आहेत. एकात फक्त शेंगदाणे आणि फार तर मीठ. दुसऱ्यात साखर आणि तेल वर येऊ नये म्हणून घातलेली घट्ट चरबी. चवीला पहिलं निर्विवाद सरस. मात्र त्याच्या बरणीत तेल वर आणि गाळ खाली असतो. सुरी तळापर्यंत घालून सगळं एकजीव केल्याशिवाय एक चमचाही काढू नये. वरचं पातळ आधी वापरलं तर पहिल्या वड्या तेल सोडतात आणि बरणीच्या तळच्या बटरच्या वड्या वाळूसारख्या भुरभुरतात, मग दोष ओट्सना दिला जातो. दुसऱ्या प्रकारच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी: त्या घट्ट चरबीमुळे त्याच्या वड्या उबदार खोलीत जास्त ताठ राहतात. ते वापरलं तर कृतीतलं सिरप एक-दोन चमचे कमी करावं, नाहीतर गोड फार होतं. तिळाचं ताहिनी पातळ आणि किंचित कडू असतं. पीनट बटरच्या जागी घ्यायचं तर २०० ग्रॅमऐवजी १५० ग्रॅम घ्यावं. ज्यांना शेंगदाणे किंवा सुकामेवा चालत नाही त्यांच्यासाठी सूर्यफुलाच्या बियांचं बटर उत्तम पर्याय आहे. ते खायच्या सोड्याबरोबर भाजलं की हिरवं पडतं म्हणून बदनाम आहे, पण इथे सोडाही नाही आणि भाजणंही नाही, त्यामुळे तो प्रश्नच येत नाही.

ओट्सच्या वड्यांसाठी लाटलेले ओट्स २०० ग्रॅम, पीनट बटर २०० ग्रॅम, मेपल किंवा खजुराचं सिरप १०० ग्रॅम, चिमूटभर मीठ. बटर आणि सिरप मंद आचेवर एकत्र फक्त कोमट करावं, उकळू नये. उकळलं की ते आळून ओट्सना सारखं लागत नाही. मिश्रण २० सेंटिमीटरच्या चौकोनी डब्यात बटर पेपर घालून पसरावं आणि सपाट बुडाच्या पेल्याने जोर लावून दाबावं. वड्या तुटण्याचं सगळ्यात मोठं कारण कमी दाबणं हेच आहे, सिरप कमी पडणं त्यानंतर. वरून १५० ग्रॅम वितळलेलं डार्क चॉकलेट एक मोठा चमचा तेल मिसळून ओतावं. तेल नसेल तर चॉकलेटचा थर कडक होतो आणि सुरी लावताच तडे जाऊन खालच्या वडीपासून सुटतो. दोन तास फ्रीजमध्ये ठेवून, सुरी गरम पाण्यात बुडवून आणि पुसून घेऊन वड्या पाडाव्यात.

ओट्समध्ये लाटलेले घ्यावेत. झटपट शिजणारे चालतात, पण वडी मऊ आणि थोडी पिठाळ होते. कापलेले कडक ओट्स इथे अजिबात नकोत, न शिजवता ते खड्यासारखे लागतात. कच्च्या मैद्याचं किंवा कणकेचं ‘कुकी डो’ करून तसंच खाण्याचा मोह होतो, तो टाळावा. कच्च्या पिठात ई. कोलाय आणि साल्मोनेला असू शकतात. अमेरिकेत २०१६ साली कच्च्या पिठामुळे बरेच जण आजारी पडले आणि पीठ बाजारातून परत मागवावं लागलं होतं. घरी पीठ भाजून घेतलं की ते नक्की निर्धोक झालं असंही धरता येत नाही. लाटलेले ओट्स कारखान्यात वाफवलेले असतात, त्यांची मिक्सरवर पूड करून तोच पदार्थ करता येतो आणि चवीलाही तो उजवा लागतो.

आता खोबरेल तेल. न भाजलेल्या व्हीगन पदार्थांच्या निम्म्या कृती याच्यावर उभ्या असतात, आणि मित्रांकडे नेताना फसणाऱ्या पदार्थांमागे बहुतेकदा हेच असतं. कारण साधं आहे. खोबरेल सुमारे २४ अंश सेल्सिअसला वितळतं. फ्रीजमध्ये ते दगडासारखं घट्ट, आणि उबदार खोलीत किंवा बोटांच्या चिमटीत लगेच पाणी. खोबरेल, कोको पावडर आणि सिरप ढवळून साच्यात गोठवलेलं ‘घरचं चॉकलेट’ दिसायला फार गोंडस, पण ते हातात धरून बोलत उभं राहता येत नाही. त्यात आणखी एक अडचण. सिरपमध्ये पाणी असतं, ते तेलात मिसळत नाही, म्हणून साच्याच्या तळाशी चिकट थर आणि वर फिकट तेल असं वेगळं होतं. कोमट असताना फेटत राहून, मिश्रण दाट व्हायला लागल्यावरच ओतलं तर हे टळतं. वितळणं मात्र टळत नाही.

त्याला खरं उत्तर कोको बटर. ते ३४ ते ३८ अंशांना वितळतं, म्हणजे बहुतेक खोल्यांच्या तापमानाच्या बरंच वर आणि तोंडातल्या उबेच्या आसपास. चांगलं चॉकलेट जिभेवर विरघळतं ते यामुळेच. निम्मं खोबरेल आणि निम्मं कोको बटर घेतलं तरी पदार्थ बाहेर बराच जास्त वेळ टिकतो. नुसतं कोको बटर घातलं तर तो कडक आणि कडेला ठिसूळ होऊ शकतो, म्हणून मलईदार पदार्थात मिश्रणच बरं. खोबरेल घ्यायचंच तर शुद्धीकृत घ्यावं, त्याला वास नसतो. व्हर्जिन तेल नारळाच्या चवीचे पदार्थ करताना छान, पण लिंबू किंवा कॉफीच्या पदार्थात ते सगळ्यांच्या पुढे येऊन बसतं.

याची परीक्षा काजूच्या चीजकेकमध्ये होते. १८ सेंटिमीटरच्या, बूड सुटणाऱ्या साच्यासाठी तळाला बदाम १५० ग्रॅम आणि खजूर १५० ग्रॅम. वरच्या थराला काजू ३०० ग्रॅम, नारळाच्या दुधाची घट्ट साय २०० मिली, मेपल सिरप ८० मिली, लिंबाचा रस ६० मिली, वितळलेलं खोबरेल ३५ मिली आणि कोको बटर ३५ ग्रॅम, मीठ, व्हॅनिला. काजू थंड पाण्यात चार तास किंवा उकळत्या पाण्यात अर्धा तास भिजवावेत. कमी भिजले तर कितीही वाटले तरी जिभेवर रवाळ लागतात, आणि या एका कारणाने हा पदार्थ सगळ्यात जास्त बिघडतो. चरबी सगळ्यात शेवटी, यंत्र चालू असताना धार धरून घालावी, आणि त्या वेळी साय फ्रीजमधून नुकती काढलेली नसावी. थंड मिश्रणात गरम चरबी पडली की तिचे दाणे होतात. झालेच तर भांडं कोमट पाण्यात ठेवून पुन्हा फिरवावं, मिश्रण सावरतं. फ्रीझरमध्ये पाच-सहा तास, खाण्याआधी अर्धा तास बाहेर. थंडीत गोडी आणि आंबटपणा दोन्ही कमी जाणवतात, म्हणून गोठवण्याआधी चव किंचित जास्त गोड आणि जास्त आंबट वाटली पाहिजे.

नारळाचं दूध डब्यातलं, पूर्ण चरबीचं घ्यावं. खोक्यातलं पिण्याचं नारळ पेय आणि ‘लाइट’ डबा या कामाला निरुपयोगी, त्यांत गोठायला पुरेशी चरबी नसते. डबा रात्रभर फ्रीजमध्ये ठेवला की साय वर जमते. काही डब्यांत ती जमतच नाही, कारण ग्वार गम किंवा दुसरा स्थिरक घातलेला असतो. घटकांत फक्त नारळ आणि पाणी असलेला डबा सायीसाठी, स्थिरक असलेला डबा गनाशसाठी, म्हणजे चॉकलेट आणि नारळाच्या दुधाच्या दाट मिश्रणासाठी, अशी वाटणी करावी.

गनाशचे ट्रफल, म्हणजे मऊ चॉकलेटचे गोळे, अगदी कमी कष्टांत होतात. ६० ते ७० टक्के कोकोचं डार्क चॉकलेट २०० ग्रॅम बारीक चिरून घ्यावं, त्यावर १०० मिली गरम नारळाचं दूध ओतावं, दोन मिनिटं हात लावू नये, मग मधूनच सुरुवात करून बाहेरच्या बाजूला ढवळत जावं. फाटल्यासारखं, तेल सुटलेलं दिसलं तर एक मोठा चमचा कोमट दूध घालून पुन्हा ढवळावं. दोन तास गार करून गोळे वळावेत, कोकोत घोळवावेत. चॉकलेटमधलं कोको बटर इथे आधार देतं, म्हणून हे खोबरेलच्या मिठाईपेक्षा टेबलावर जास्त टिकतात.

चॉकलेट निवडताना लेबलाची मागची बाजू वाचावी. डार्क लिहिलेल्या चॉकलेटमध्येही दुधाची चरबी किंवा दूध पावडर असू शकते. ‘दुधाचे अंश असू शकतात’ ही ॲलर्जीची सूचना आहे, घटक नव्हे, त्यामुळे ते चॉकलेट व्हीगन असू शकतं, पण दुधाची ॲलर्जी असलेल्या मित्राला ते देऊ नये. चॉकलेट चिप्स आकार टिकवण्यासाठी बनवलेल्या असतात, त्यांत कोको बटर कमी असतं आणि त्या वितळल्यावर दाट राहतात. बुडवून काढायच्या पदार्थाला चिप्सपेक्षा वडीचं चॉकलेट घ्यावं. ते गरम पाण्याच्या भांड्यावर वितळवताना वाफेचा एक थेंब आत गेला तरी चॉकलेट दाणेदार होऊन आखडतं. तसं झालं तर ते फेकू नये, आणखी चमचा-चमचा गरम पाणी घालून सॉस करावा. चकाकी आणि कट्‌कन तुटणं हवं असेल तर टेम्परिंग करावं लागतं: ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवायचं, २७-२८ पर्यंत उतरवायचं, पुन्हा ३१-३२ वर आणायचं. थर्मामीटरशिवाय हे जमवणं कठीण आहे. ते जमणार नसेल तर गोळे कोकोत किंवा तिळात घोळवावेत, पांढरे डाग पडलेल्या चॉकलेटपेक्षा ते चांगले दिसतात.

याच लेबलवाचनात मध आणि जिलेटिनही पकडावं, दोन्ही व्हीगन नाहीत. साखरेबद्दल काही देशांत वेगळा प्रश्न येतो, तिथे काही कारखान्यांत ती शुभ्र करताना हाडांचा कोळसा वापरतात.

जिलेटिनच्या जागी आगर-आगर, म्हणजे चायना ग्रास. वाटायच्या पदार्थांसाठी ते फार गुणी आहे, कारण ते ३२ ते ४० अंशांना जमतं आणि परत वितळायला सुमारे ८५ अंश लागतात. म्हणजे गाडीत, टेबलावर, कुठेही पाणी होत नाही. २५० मिली द्रवाला एक लहान चमचा पावडर, थंड द्रवात कालवून, दोन मिनिटं खळखळ उकळून. नुसतं गरम केलं तर पावडर विरघळत नाही आणि आठ तासांनंतरही तळाला चिकट पाणी राहतं. पावडर आणि पापड्या यांचं माप एक नाही, एक लहान चमचा पावडरीऐवजी एक मोठा चमचा पापड्या लागतात. उणी बाजू पोताची. आगर कुरकुरीत तुटतं, मलईसारखं विरघळत नाही. नारळाच्या दुधात मात्रा निम्मी केली तर मऊ जमतं.

काबुली चण्याच्या डब्यातलं पाणी, ज्याला २०१५ पासून ॲक्वाफाबा म्हणतात, मूससाठी, म्हणजे फेसाळ मऊ गोडासाठी, फेटलं की छान फुगतं. पण ते डब्यातून नेण्याचं काम नाही, वाट्यांतच जमवून तिथेच खावं.

यंत्रात फूड प्रोसेसरला तोड नाही, आणि तो का हे त्याच्या भांड्याच्या रुंदीत आहे. खजुराचं मिश्रण कोरडं आणि चिकट असतं. मिक्सरच्या किंवा ब्लेंडरच्या अरुंद भांड्यात ते पात्याभोवती घट्ट बसतं, वरचं फिरतच नाही आणि मोटर तापून वास येऊ लागतो. मग पाणी घातलं जातं आणि गोळे सैल होतात. दोन लिटरच्या आसपासचं भांडं आणि ५०० वॅटच्या वरची मोटर वर दिलेल्या प्रमाणाला पुरते. मिक्सरच असेल तर खजूर चाकूने बारीक चिरून, एका वेळी १०० ग्रॅमपेक्षा जास्त न घालता, थांबून थांबून फिरवावा आणि शेवटी हाताने मळावं. काजूच्या चीजकेकला उलट ब्लेंडर हवा. तिथे द्रव भरपूर असतो, अरुंद भांडं आणि वेग दोन्ही कामाला येतात, आणि प्रोसेसरने केलेला थर तितका गुळगुळीत होत नाही. दोन्हीपैकी एकच घ्यायचं असेल तर प्रोसेसर घ्यावा, कारण गोळे आणि वड्या वारंवार होतात, चीजकेक क्वचित.

सिलिकॉनचे लहान साचे ट्रफल आणि चीजकेकच्या छोट्या तुकड्यांसाठी उपयोगी आहेत, फक्त ते भरण्याआधी कडक ट्रेवर ठेवावेत, नाहीतर फ्रीझरपर्यंत नेताना वाकून सांडतात.

नेताना खजुराचे गोळे आणि ओट्सच्या वड्या साध्या डब्यात एका थरात, मध्ये बटर पेपर घालून. चीजकेक गोठलेला असतानाच तुकडे पाडून, बर्फाच्या पॅकबरोबर. कशात कुठला सुकामेवा, शेंगदाणे किंवा तीळ आहेत ते चिठ्ठीवर लिहून झाकणाला चिकटवावं, डबा हातोहात फिरतो तेव्हा सांगणारा शेजारी असेलच असं नाही. आणि चॉकलेट लावलेल्या वड्यांचा डबा फ्रीजमधून काढल्यावर लगेच उघडू नये. झाकण बंद ठेवून अर्धा तास खोलीत राहू द्यावा, म्हणजे दमट हवेतलं पाणी झाकणावर बाहेरच्या बाजूने जमतं, चॉकलेटवर नाही.